थार की डिफेंडर? आधी गिऱ्हाईक ठरवा!

ऑक्टोबर २०२० मध्ये दोन दणकट गाड्या भारतात आल्या. महिंद्राची नवी थार ९.८० लाखांपासून, तर टाटांच्या मालकीच्या लँड रोव्हरची डिफेंडर ७३.९८ लाखांपासून. दोन्ही चिखल तुडवतात. मग साडेसातपट पैसे कशाचे? आराम, रुबाब आणि नावाचे. असं गिऱ्हाईक थोडंच असतं, पण एका गाडीमागे नफा मोठा. थारला मात्र खप लागतो. डिफेंडर स्वस्त केली, तर रुबाबच जाईल.

आता हिरकणीवाडीत या. रायगड रोपवेच्या पर्यटकांसाठी कर्ज काढून खोल्या बांधताय? मग दर डिफेंडरचा आणि सोय थारची, असं चालणार नाही. खोल्या रिकाम्या राहतील, बँकेचा हप्ता थांबणार नाही. गिऱ्हाईक आधी ठरवा, बांधकाम नंतर!