रस्त्याकाठचे मुके वाटाडे

दिल्लीचे प्राणिसंग्रहालय पाहावयास आलेल्या मुलांचे डोळे वाघ-सिंहांना शोधीत असतात. त्याच आवारात उभ्या असलेल्या विटांच्या एका जाडजूड खांबाकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. त्याला ना दार, ना जिना. मग हा खांब येथे उभारला तरी कशासाठी?

हा आहे ‘कोस मिनार’. प्राणिसंग्रहालय येथे १९५९ मध्ये आले; मिनार त्यापूर्वी कित्येक शतके येथे उभा आहे. कारण जुना राजमार्ग येथूनच जात असे आणि त्या मार्गावर दर कोसाला असा एक मिनार असे. या मिनारांची परंपरा शेरशाहाच्या काळापर्यंत (१५४०-१५४५) नेली जाते. पुढे १६१९ मध्ये जहांगीर बादशहाने आग्रा ते लाहोर या वाटेवर दर कोसाला मिनार आणि दर तीन कोसांवर विहीर बांधण्याची आज्ञा दिली.

मिनाराची रचना साधीच आहे. आतून भरीव, खाली अष्टकोनी, वर निमुळता गोल, बाहेरून चुन्याचा गिलावा आणि उंची सुमारे २० ते ३० फूट. ही उंची केवळ शोभेसाठी नव्हती. धुळीने भरलेल्या वाटेवरही मिनार दुरून दिसावा आणि किती चाललो, पुढचा मुक्काम किती दूर, याचा हिशेब वाटसरूला लागावा, हा तिचा हेतू. कोसाचे माप सर्वत्र सारखे नव्हते; तरी ते साधारणतः ३ ते ४ किलोमीटर भरते. १७६० मध्ये दिल्लीहून उत्तरेस पानिपताकडे निघालेल्या मराठी फौजांनीही हे मिनार पाहिले असतील.

आज सर्वांत जास्त कोस मिनार हरियाणात आहेत. कोठे शेतात, कोठे घरांच्या दाटीत, तर कोठे मोटारींच्या गर्दीत ते उभे आहेत. संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास २०१० पासून कायद्याने मनाई आहे. परंतु ज्या वास्तूची लोकांना ओळखच नाही, तिची राखण एकटा कायदा किती करणार? भिंतीला अडसर झालेला खांब पाडताना त्याचे नाव ठाऊक नसलेल्या माणसाचा हात थबकत नाही.

म्हणून या वाटेने प्रवासास जाल, तेव्हा मुलांना खिडकीतून असा एखादा मिनार अवश्य दाखवा आणि त्याचे नावही सांगा. ज्याने शतकानुशतके वाटसरूंना वाट दाखविली, त्याची एवढी ओळख आपण ठेवलीच पाहिजे.