शेपूट कोणी हलवलं?

डॅशहुंड जातीचा कुत्रा सोफ्यावरून उडी मारतो, एकदा कळवळतो आणि बघता बघता मागचे दोन्ही पाय फरफटत यायला लागतो. घरचे म्हणतात, उडी चुकली. पण आयुष्यभर मारलेली तीच उडी आजच का नडली? खरं सांगायचं तर उडी नुसती निमित्त. बिघाडाची तयारी जन्माआधीच झालेली असते.

मणक्यांच्या मधे गादी असते. बाहेर चिवट कडं, आत ओलसर गाभा. डॅशहुंडमध्ये हा गाभा अगदी लहान वयातच वाळायला लागतो, त्यात कॅल्शियम साठतं, तो ठिसूळ होतो. कारण 2017 मध्ये सापडलं: वाढीशी संबंधित एका जनुकाची जादा प्रत भलतीकडेच, बाराव्या गुणसूत्रावर जाऊन बसली आहे. आणि गंमत बघा, हीच प्रत पायही आखूड करते! ज्या ठेंगणेपणावर आपण भाळतो, त्याच्या पोटातच पाठीचं दुखणं आहे. एक दिवस कडं फाटतं आणि गाभा थेट मज्जारज्जूवर आदळतो.

मज्जारज्जू दाबला गेला की कामं वाट्टेल तशी बंद पडत नाहीत, क्रमाने पडतात. आधी पाऊल कसं टेकलंय याची जाणीव जाते, मग हालचाल, मग लघवीवरचा ताबा आणि सगळ्यात शेवटी खोलवरची वेदना. जाड मज्जातंतू दाबाला आधी बळी पडतात. वेदना वाहणारे बारीक तंतू शेवटपर्यंत तग धरतात. म्हणून डॉक्टर मागच्या पायाचं बोट चिमट्यात दाबून बघतात. कुत्र्याने पाय आखडून घेतला की आपला जीव भांड्यात पडतो. डॉक्टर मात्र पायाकडे बघतच नसतात, तोंडाकडे बघत असतात. त्याने मान वळवली का? केकाटला का? वेदना शाबूत असेल तर शस्त्रक्रियेनंतर दहातले साधारण नऊ कुत्रे पुन्हा चालतात. गेली असेल तर जेमतेम निम्मे. त्यामुळे पाय लुळे पडलेले दिसले की उद्याची वाट बघायची नाही. आणि घरातली आपली दुखण्यावरची गोळी तर मुळीच द्यायची नाही, आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या जठराची आणि मूत्रपिंडाची वाट लावतं.

पण मग वेदना कळली नाही, तरी पाय आखडला कसा?

इथे खरी नवलाई सुरू होते. आपण समजतो, मेंदू हुकूम सोडतो आणि मज्जारज्जू तो निमूट खाली पोचवतो. पण मज्जारज्जूचा कारभार ग्रामपंचायतीसारखा आहे. मुंबईचा फोन लागला नाही म्हणून गावातलं पाणी सोडायचं थांबत नाही. चिमटा बसला, पाय ओढून घ्या, हा निर्णय जागच्या जागी होतो, मेंदूला खबरही नसते. एवढंच नाही, चालण्याचा ठेकासुद्धा तिथेच आहे! 1911 मध्ये टॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवलं की मेंदूशी संबंध तुटला आणि पायांकडून येणाऱ्या संवेदनाही तोडल्या, तरी मज्जारज्जू पावलं टाकण्याची लय स्वतःच निर्माण करू शकतो. (चालण्याचं हे गुपित उकलणारे हे गृहस्थ पुढे माँ ब्लांवर नव्या वाटा काढणारे गिर्यारोहक म्हणून गाजले. आवड असावी तर अशी.)

आता डॉक्टर घरी करून घ्यायला सांगतात तो व्यायाम वेगळाच दिसायला लागतो. पहिले चार ते सहा आठवडे बहुतेकदा पिंजऱ्यातली सक्तीची विश्रांती, कारण फाटलेलं कडं भरून यायला तेवढा वेळ लागतो. डॉक्टरांनी हो म्हटलं की मग पोटाखालून टॉवेलची झोळी घालून त्याला उभं करायचं. फरशीवर नाही, रबरी मॅटवर. गुळगुळीत फरशीवर धडधाकट कुत्रंसुद्धा घसरतं. पावलं पालथी पडत असतील तर हाताने सरळ करून तळवे टेकवायचे. तळव्यावर पडणारा भार मज्जारज्जूला सांगतो, उभा राहा. झोळी धरून पुढे सरकताना पाय मागे ताणला जातो, आणि कमरेच्या सांध्याचा तो ताण हाच पाय उचलण्याचा इशारा असतो. म्हणजे तुम्ही टॉवेल धरून हॉलमध्ये चकरा मारता, तेव्हा त्या ग्रामपंचायतीशी थेट बोलत असता, मेंदूला वळसा घालून! वेदना कधीच परत न आलेले काही कुत्रे काही महिन्यांनी झोकांड्या खात का होईना, चालायला लागतात, ते याच जोरावर.

लघवीचं काम सगळ्यात किचकट. जमिनीवर थेंब दिसले की वाटतं, चला, होतेय. बऱ्याचदा उलटं असतं: मूत्राशय तुडुंब भरून नुसतं वरचेवर सांडत असतं. दिवसातून तीन-चारदा पोटावर दोन्ही बाजूंनी हळू, सलग दाब देऊन ते रिकामं करावं लागतं. हे वाचून नाही जमत. डॉक्टरांनी आपल्या हातावर हात ठेवून शिकवावं लागतं. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि पाय सुधारत असताना ताप येऊन बसतो.

असाच दाब देत असताना एक दिवस शेपूट हलतं. घरात जल्लोष! थांबा जरा. पोटाला, शेपटीखाली स्पर्श झाला की शेपूट आपोआप हलू शकतं. तीही स्थानिक कारवाईच. खरी परीक्षा सोपी आहे. त्याला कोणी हात लावायचा नाही. त्याच्या लाडक्या माणसाने दारात उभं राहून नुसती हाक मारायची. हाक कानात शिरते, मेंदू ओळखतो, आनंदतो, आणि तो आनंद दबलेल्या जागेतून वाट काढत पार शेपटीपर्यंत उतरतो. वरचा एखादा तंतू खाली पोचत असल्याशिवाय हे होणंच शक्य नाही. डॉक्टरांना फोन करून सांगा. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असेल, 'हात लावला होतात का?'