सरकारी तिजोरीचे कायदेकानू : राज्यपालांचे नाव आणि फौजेच्या विड्या

३१ मार्चच्या रात्री कोषागारात जी धांदल उडते आणि तिच्यामागे जे विनियोजनाचे शास्त्र आहे, ते या आठवड्यात सांगण्याचे मी कबूल केले होते; परंतु ते प्रकरण तूर्त तहकूब ठेवतो, कारण येथल्या, म्हणजे दुसरबीडच्याच, एका वाचकाने जो प्रश्न केला आहे तो निकालात काढल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. प्रश्न असा : राज्य शासनाच्या एका इमारतीच्या आवाराची भिंत पावसाळ्याच्या तोंडावर खचली, तेव्हा साहेबांच्या तोंडी सांगण्यावरून एका लहान मक्तेदाराने पदरचे सिमेंट-लोखंड घालून ती बांधून दिली, कार्यारंभ आदेश मागाहून निघेल असे आश्वासन होते, तो निघाला नाही, साहेब बदलून गेले आणि नव्या साहेबांनी करारनामा उपलब्ध नसल्याचा शेरा मारून देयक परत केले. त्या बिचाऱ्याचे पैसे बुडाले काय?

सरकारचा वकील म्हणून ज्याचे अर्धे आयुष्य अशाच दाव्यांत कैफियती लिहिण्यात गेले, त्याला या प्रश्नाचे पहिले उत्तर झोपेतही देता येते. संविधानाच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे राज्याचा प्रत्येक करार राज्यपालांनी केला असल्याचे त्यात व्यक्त झाले पाहिजे, आणि ज्यास तसा अधिकार दिलेला आहे अशाच इसमाने विहित रीतीने त्यांच्या वतीने त्यावर सही केली पाहिजे. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-१ नमुन्याच्या निविदेत कार्यकारी अभियंत्याच्या सहीवर राज्यपालांचा जो उल्लेख असतो आणि जो मक्तेदार कधीच वाचत नाहीत, तो शोभेसाठी घातलेला नसतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी की हा नियम केवळ संघराज्य व राज्ये यांच्या करारांना लागू आहे. जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांना त्यांच्या-त्यांच्या अधिनियमांनी स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व दिलेले आहे. आमच्या दुसरबीडाजवळून गेलेला समृद्धी महामार्ग ज्या रस्ते विकास महामंडळाने बांधविला, तेही स्वतःच्याच नावाने करार करते. खचलेली भिंत जर जिल्हा परिषदेच्या शाळेची असती तर आजचा लेख निराळा झाला असता.

आता हा अनुच्छेद मोडला तर करार रद्दबातल होतो, की तो केवळ सरकारवर बंधनकारक राहत नाही? या दोहोंतील अंतर ज्या खटल्यात विस्ताराने चर्चिले गेले तो खटला निविदेचा नव्हता, बांधकामाचा नव्हता. तो होता निवडणुकीचा, आणि तोही आपल्या विदर्भातला. त्याच्याविषयी मला फार दिवसांचे प्रेम आहे, म्हणून वाचकांनी थोडी सवड द्यावी.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडाऱ्याच्या द्विसदस्य मतदारसंघातून चतुर्भुज विठ्ठलदास जसानी हे लोकसभेवर निवडून आले. मुळजी सिक्का आणि कंपनी या विड्यांच्या पेढीत ते भागीदार होते, आणि ती पेढी फौजेच्या उपाहारगृहांसाठी सरकारच्या भांडार खात्याला विड्या पुरवीत असे. सरकारला माल पुरविण्याच्या करारात ज्याचा हितसंबंध आहे तो उमेदवारीस अपात्र, असा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचा दंडक असल्यामुळे प्रतिपक्षाने निवडणुकीस आव्हान दिले. जसानींच्या वकिलांचा बचाव मोठा मार्मिक होता : हे करार राष्ट्रपतींच्या नावे केलेलेच नाहीत, साध्या पत्रव्यवहाराने झालेले आहेत, सबब ते करारच नव्हेत, आणि करारच नाही तेथे हितसंबंध कुठला? ज्या अनुच्छेदाची ढाल एरवी सरकारने पुढे करावयाची, ती येथे पुरवठादारानेच उचलली होती. (फौजेच्या खर्चापायी विदर्भात राजकारण उलटेपालटे होण्याची ही काही पहिली खेप नव्हे, हैदराबाद कंटिंजंटच्या थकलेल्या पगारापोटीच १८५३ मध्ये निजामाला आपला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला होता.)

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ मध्ये लागला आणि तो लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, जे दिल्लीस जाण्यापूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. आणि नागपूर त्या काळी आम्हा बुलढाणेकरांचेही राजधानीचे शहर होते हे तरुण वाचकांना सांगावयास हवे, कारण आपला जिल्हा १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात होता. बोस यांनी म्हटले, त्याचा आशय असा की, शेकडो अधिकाऱ्यांना रोज किरकोळ करार करावे लागतात, कधी निकडीच्या प्रसंगी करावे लागतात, आणि प्रत्येक वेळी भारदस्त दस्तऐवज पाहिजेच असे धरले तर राज्यकारभारच ठप्प होईल. असा करार सरकारवर बंधनकारक नसेल, परंतु सरकारने त्यास मागाहून संमती दिली तर तो उभा राहतो. शिवाय माल पोहोचला म्हणजे करार संपला असे होत नाही, दोन्ही बाजूंनी पूर्तता होईपर्यंत, म्हणजे पैसे चुकते होईपर्यंत, तो जिवंतच असतो. जसानी अपात्र ठरले.

त्याच निकालपत्रात, महार कुळात जन्मलेल्या आणि महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेल्या एका उमेदवाराची राखीव जागेसाठी अर्ज करण्याची पात्रता त्या उपदेशामुळे नाहीशी होते काय, याचाही ऊहापोह आहे. न्यायालयाने ती नाहीशी होत नाही असे ठरविले. लोणार-मेहकरचा शेजार लाभलेल्या आम्हा मंडळींनी, ज्यांना हा पंथ पोथ्यांतूनच नव्हे तर प्रत्यक्ष माणसांतून ठाऊक आहे, तो भाग अवश्य वाचावा. पुढे त्याच वर्षी भंडाऱ्यास जी पोटनिवडणूक झाली तीत राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले. ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष, त्यातील एका रूक्ष अनुच्छेदावर ज्या खटल्यात एवढा खल झाला, त्याच खटल्यामागून आलेल्या निवडणुकीत त्यांनी उभे राहावे, हा योगायोग इतिहासाच्या ग्रंथांत मला क्वचितच नोंदलेला आढळला आहे.

बोस यांचे औदार्य फार काळ टिकले नाही. भिकराज जयपुरिया यांनी १९४३ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेला धान्य पुरविण्याचा सौदा केला होता. खरेदीचे आदेश विभागीय अधीक्षकाच्या सहीचे होते, गव्हर्नर जनरलच्या नावाचे नव्हते. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की अनुच्छेद २९९ च्या जागी तेव्हा असलेली ही तरतूद सार्वजनिक तिजोरीच्या रक्षणासाठी असून अनिवार्य आहे, आणि तिचे पालन न झालेला करार मुळातच शून्य होय. आज चालतो तो हाच कायदा. मी स्वतः या निकालाच्या आधारे सरकारचे दावे जिंकले आहेत, आणि तरीही माझे मत असे आहे की कारभाराची नाडी बोस यांना अधिक कळली होती; ज्याने तालुक्याच्या ठिकाणी अतिवृष्टीच्या रात्री फुटलेला नाला पाहिला आहे त्याला राज्यपालांच्या नावाची वाट पाहत बसता येत नाही.

परंतु त्याच १९६१ च्या डिसेंबरात न्यायालयाने दुसरे एक दार उघडले, आणि ते उघडणारे होते साताऱ्याचे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर. बंगालमध्ये १९४४ मध्ये, दुष्काळाच्या सावटाखाली धान्यखरेदीची धामधूम चालू असता, अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून मंडल नावाच्या मक्तेदारांनी कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, कचेरी, स्वयंपाकघर असे बांधून दिले आणि रीतसर करार नसल्याच्या सबबीवर सरकारने हात वर केले. गजेंद्रगडकरांनी करार शून्य आहे हे मान्य केले, मात्र १८७२ च्या करार अधिनियमाचे कलम ७० पुढे आणले : काम कायदेशीर असेल, ते फुकट करण्याचा हेतू नसेल आणि समोरच्याने ते न नाकारता त्याचा उपभोग घेतला असेल, तर त्याची भरपाई द्यावीच लागेल; कराराचे देणे म्हणून नव्हे, घेतलेल्या लाभाचा मोबदला म्हणून. सरकारला ते इमले नको होते तर उचलून नेण्यास सांगता आले असते. ते न सांगता त्यांत दप्तर थाटल्यावर मोबदला नाकारता येत नाही.

तेव्हा आमच्या वाचकाला उत्तर असे की पैसे बुडालेले नाहीत, पण ठरल्या दराने मिळतील अशी आशाही धरू नये; मिळेल ती वाजवी भरपाई. खात्याला खर्चास कार्योत्तर मंजुरी देता येते व तीवर देयक निघू शकते, म्हणून प्रथम तोच अर्ज करावा. मात्र अशा मंजुरीने शून्य करार सजीव होत नाही, हे फिर्याद लिहिणाऱ्या वकिलाने विसरू नये. काम मोजले गेले असेल तर मोजमाप पुस्तिकेतील त्या पानाची नक्कल माहितीच्या अधिकारात आजच मागावी, कारण सरकारने काम पाहिले व स्वीकारले याचा त्याहून बळकट पुरावा दिवाणी न्यायालयात दुसरा नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत देऊन पोच घ्यावी. दाव्याची मुदत काम पुरे झाल्यापासून तीन वर्षांची असते. नोटिशीचा काळ तीतून वजा होतो, परंतु साहेबांच्या आश्वासनांचा होत नाही. भिंत कोणत्या वर्षी बांधली हे पत्रात लिहिलेले नाही. ते उलट टपाली कळवावे. कोषागाराची रात्र पुढील आठवड्यात, मध्येच आणखी कोणाची भिंत खचली नाही तर.