घराजवळचा डोंगर

बर्फावरून घसरण्याच्या खेळाचे वेड आता आपल्या मध्यमवर्गीय घरांतही शिरले आहे. पूर्वी नाताळच्या सुटीत मंडळी फार तर महाबळेश्वर गाठीत. आता गुलमर्ग आणि औली ही नावे दौंड-शिरूरच्या दिवाणखान्यांतही सहज ऐकू येतात. आमचा एक रेल्वेतला मित्र नुकताच गुलमर्गला जाऊन आला. भाड्याचा डगला, भाड्याचे बूट, पायांना बांधलेल्या दोन लांबलचक पट्ट्या आणि चेहऱ्यावर ‘आता माझे कसे व्हायचे’ हा भाव, असा त्याचा फोटो सगळ्यांच्या हातून फिरला. तेव्हा शिरूरचे आमचे डॉक्टर म्हणाले, “घसरायला इतक्या लांब गेलास, आता चढायला जवळ कुठे येतोस का बोल!” बेत ठरला तो एवढ्या एका वाक्यावर.

खरे पाहता ज्यांचा हा खेळ, त्यांचीही गोष्ट निराळी नाही. २०२२ साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे एकच खेळाडू उतरला होता, काश्मीरचा आरिफ खान. त्याचे घर टंगमर्गच्या बाजूचे, म्हणजे गुलमर्गच्या पायथ्याचे. वडिलांचे गुलमर्गला स्कीइंगच्या साहित्याचे दुकान. भीमेकाठची पोरे जशी नदीत पोहायला शिकतात, तसा तो घराजवळच्या उतारावर घसरायला शिकला. आपल्याला जे पर्यटन, ते त्याला परसदार! मग आपल्या परसात कोणता डोंगर आहे, हे पाहायला काय हरकत?

दौंड-शिरूरचा मुलूख तसा सपाटच. पण सिंहगडाकडून पूर्वेला निघालेली डोंगरांची एक रांग दिवे घाटावरून पुढे सरकत सरकत थेट यवतच्या दक्षिणेपर्यंत येते. तिथेच, पुरंदर तालुक्यातील माळशिरस गावाजवळ, भुलेश्वराचा डोंगर आहे. पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी आम्ही सहाजण निघालो. दौंडकर सकाळच्या गाडीने यवतला उतरले, शिरूरकर न्हावरे-चौफुल्याच्या रस्त्याने मोटारीतून आले. डांबरी सडक देवळापर्यंत जाते. परंतु डॉक्टरांच्या हुकुमाने मोटार खालीच ठेवावी लागली.

चढण अवघड नाही. पण पन्नाशीकडे झुकलेल्या पायांना ती आपली ओळख करून देते. दुतर्फा तरवड पिवळाधमक फुललेला, गवत गुडघ्याला लागलेले आणि कुसळे पायमोज्यांत शिरून बसलेली. पहिल्या वळणापर्यंत महागाई आणि मुलांचे प्रवेश हे विषय चालले. दुसऱ्या वळणावर सगळे गप्प झाले, कारण बोलायला श्वासच उरला नव्हता.

वर गेल्यावर प्रथम फसगत होते. देऊळ बाहेरून मुळी देवळासारखे दिसतच नाही. चुनेगच्ची घुमट पाहून नवखा माणूस बुचकळ्यात पडतो. आत शिरावे तर समोर भिंत! बाजूच्या अंधाऱ्या जिन्याने चढले, की मग नंदी, सभामंडप आणि काळ्या दगडातले यादवकाळातले मानले जाणारे अप्रतिम कोरीवकाम दिसू लागते. रामायण-महाभारताचे प्रसंग, नर्तकी, वादक आणि स्त्रीरूपातला गणेशसुद्धा. पुष्कळ मूर्तींचे हात, नाक, चेहरे फोडलेले आहेत. तरी कंबरेचा बाक आणि पैंजणाची नक्षी अजून तशीच. १६३० च्या सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने देवळाभोवती दौलतमंगळ नावाचा किल्ला बांधला. त्याचे बुरूज आज ढासळले आहेत. देऊळ मात्र उभे आहे.

शिदोऱ्या उघडल्या. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या. आमच्यात एक शाळामास्तर आहे. गेल्या वर्षी त्याची पत्नी वारली. तेव्हापासून शाळा आणि घर यापलीकडे तो कुठे गेला नव्हता. त्या दिवशीही आला तो डॉक्टरांनी घरी जाऊन उठवला म्हणून. पुरी हातात तशीच धरून तो एकाएकी म्हणाला, “ही दर श्रावणात म्हणायची, एकदा भुलेश्वराला जाऊ. मी म्हणायचो, जवळच तर आहे, जाऊ कधीतरी.”

कोणी काहीच बोलले नाही. सांत्वनाची भाषा अशा वेळी उघडी पडते. रेल्वेवाल्याने थर्मासमधला चहा ओतून त्याच्या हाती दिला, एवढेच.

नंतर आम्ही तटाच्या कडेला उभे राहिलो. उत्तरेकडे दौंड तालुक्याचा सपाट मुलूख. त्यात खडकवासल्याच्या कालव्याने पोसलेला ऊस. दक्षिणेकडे कऱ्हेचे खोरे; तिथे माळ, बाजरी आणि पावसाकडे लागलेले डोळे. घाटमाथ्यावर, लोणावळ्याला, वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ढग इथवर येईतो रिकामे होतात आणि पाचशेच्या आतबाहेर काय ते हाती लागते. त्यातही एका अंगाला कालवा आला आणि दुसऱ्या अंगाला मुळा-मुठेचे पाणी पंपांनी वर चढवावे लागले. पुरंदर उपसा सिंचन योजना ती हीच. दोन तालुक्यांची नशिबे कशी निराळी झाली, हे पुस्तकात वाचून कळते. कड्यावर उभे राहिले म्हणजे दिसते. परक्या मुलखातला डोंगर आपल्याला त्याचे सौंदर्य दाखवतो, घराजवळचा डोंगर आपलेच घर दाखवतो. गुलमर्गला अवश्य जावे. पण हे दर्शन तिथे होत नाही.

उतरताना खाली एक म्हातारी सीताफळांची पाटी घेऊन बसली होती. पुरंदरचे अंजीर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळवून मोठे झाले. सीताफळाचा मान मात्र आमच्याकडे घरोघर पहिल्यापासूनच आहे. मास्तराने एक डझन घेतली. एकट्या माणसाला डझन कशाला, असे कोणाच्या तरी ओठांवर आले होते, पण तोच म्हणाला, “शेजारची पोरं आहेत. आणि काय रे, पेडगावचा भुईकोट तर दौंडहून आणखी जवळ. रविवारी निघायचं का?”

“कुठल्या रविवारी?” डॉक्टरांनी विचारले.

“येत्या,” तो म्हणाला.