नोंदणीचे हात आणि नोंदणीचा अधिकार

कल्याण-डोंबिवली महापालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी अस्तित्वात आली, त्या सुमारास सरकारी कचेरीत शिरण्याचा मध्यमवर्गीय मुलींचा राजमार्ग टंकलेखनाच्या वर्गातून जात असे. मिनिटाला तीस मराठी किंवा चाळीस इंग्रजी शब्दांचे प्रमाणपत्र पदरात पडले, की लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी अर्ज करता येई. पुढे टंकयंत्राच्या जागी संगणक आला. २००१ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग गल्लोगल्ली निघाले आणि शासकीय नोकरीसाठी त्या प्रमाणपत्राचा आग्रह सुरू झाला. आता संगणकाचे बरेचसे काम हातातल्या मोबाइलवर आले आहे. यंत्रे अशी बदलत गेली. परंतु यंत्रापुढे बसलेल्या स्त्रीकडे पाहण्याची शासनाची दृष्टी कितपत बदलली, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

या विचारासाठी कल्याण-डोंबिवली हे योग्य ठिकाण आहे. पालिकेच्या कारभाराचे संगणकीकरण करण्यात ही महापालिका राज्यात अग्रेसर होती. चालू शतकाच्या आरंभी तिने नागरी सुविधा केंद्र उभारले आणि कराचा भरणा, दाखले, तक्रारी ही कामे एका छपराखाली आणली. हा नमुना पुढे राज्यातील इतर पालिकांनी उचलला. अशा उपक्रमांचे श्रेय आयुक्तांना आणि आज्ञावली तयार करणाऱ्या कंपन्यांना मिळते, आणि ते योग्यच आहे. मात्र जुन्या बाडांतील नोंदी एकेक करून संगणकात उतरविणाऱ्यांचा आणि खिडकीपाशी दिवसभर नागरिकांना तोंड देणाऱ्यांचा उल्लेख कोणत्याही गौरवग्रंथात सापडणार नाही.

वरच्या पायरीवर स्त्रिया पोहोचल्या आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. १९९४ च्या महिला धोरणापासून राज्याच्या सेवेत स्त्रियांना ३० टक्के आरक्षण आहे. २०२३ मध्ये डॉ. इंदुराणी जाखड या महापालिकेच्या आयुक्त झाल्या. २०२४ मध्ये सुजाता सौनिक राज्याच्या पहिल्या महिला मुख्य सचिव झाल्या. पण शासनाच्या डिजिटल कारभाराचा खरा भार वाहणारी स्त्री या पायऱ्यांवर दिसत नाही. ती अंगणवाडीत दिसते.

मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘पोषण ट्रॅकर’ सुरू केले. बालकांची उंची, वजन, हजेरी आणि आहाराची नोंद त्यात करणे हे सेविकेचे काम झाले. २०२५ मध्ये घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा मोबाइलवर पडताळण्याची त्यात भर पडली. २०२४ च्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरण्याचे कामही तिच्याकडे आले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात तर ते केवळ तिच्यावरच सोपविण्यात आले. एवढे करूनही शासनदरबारी ती मानधनावरची सेविकाच. तंत्रज्ञानाचे काम करणारी म्हणून तिची गणना कोणी करीत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले, तेव्हा त्यांना तंत्रज्ञान नको आहे, असा काहींनी समज करून घेतला. वास्तविक त्यांचे म्हणणे नेमके होते. यंत्राची क्षमता अपुरी आहे, ते तापते, बंद पडते, आणि नोंदीची भाषा इंग्रजी आहे. हेच एखाद्या अभियंत्याने लिहून दिले असते, तर तो तज्ज्ञाचा अहवाल ठरला असता. सेविकेने सांगितले म्हणून ते आंदोलन ठरले. २०२४ च्या आरंभी आशा सेविका आझाद मैदानावर ठिय्या देऊन बसल्या, तेव्हा ऑनलाइन कामाच्या सक्तीबद्दलची त्यांची तक्रारही अशीच मानधनाच्या घोषणांत बुडून गेली.

ही चूक केवळ आपलीच आहे असे नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या सरकारी खात्यांत गणकयंत्रे प्रामुख्याने स्त्रियाच चालवीत. १९५५ मध्ये तेथील सनदी सेवेत समान वेतनाचे तत्त्व मान्य झाले. पण यंत्र चालविणाऱ्यांच्या श्रेणीत तुलनेला पुरुषच नाहीत, या कारणास्तव ती श्रेणी त्यातून वगळली गेली. पुढे संगणकाचे महत्त्व कळल्यावर त्या जागांवर पुरुष नेमण्याचा खटाटोप झाला आणि अनुभवी हात मात्र वाया गेले. स्त्रिया करतात म्हणून काम हलके मानावयाचे, ही खोड जुनी आहे.

नोंदी संगणकावर आल्याने खोट्या पटांना आणि गळतीला आळा बसतो, हा शासनाचा युक्तिवाद खोटा नाही. पण नोंद खरी व्हावयाची तर नोंद करणारीला वेळ हवा, चालणारे यंत्र हवे आणि कळणारी भाषा हवी. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांचा उपदानाचा हक्क मान्य केला. त्याच न्यायाने ऑनलाइन नोंदणी हे कुशल काम मानून त्याचा वेळ आणि मोबदला ठरविला पाहिजे.

आणखी एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. ठाणे जिल्ह्यात घोडबंदर रस्त्यावरच्या मनोऱ्यांपासून कल्याणच्या चाळींपर्यंत आणि मुरबाड-शहापूरच्या पाड्यांपर्यंत सर्व तऱ्हेची वस्ती आहे. कोणतीही नवी प्रणाली राज्यभर लादण्यापूर्वी ती महिनाभर या जिल्ह्यातील सेविकांच्या हाती द्यावी, त्यांचे आक्षेप लेखी घ्यावेत आणि त्यांना लेखी उत्तर द्यावे. याला फारसा खर्च येणार नाही. मंत्रालयात आखलेला तक्ता पाड्यावर कोठे अडतो, हे जिला रोज अनुभवाने कळते, तिला विचारण्याचा मोठेपणा तेवढा शासनाने दाखवावयाचा आहे. तो दाखविला नाही, तर आकड्यांचे रकाने भरत राहतील आणि त्यांवर विसंबून केलेल्या योजना मात्र फसत राहतील.