गिरणीतली गाडी आणि तिची चार चाकं

इंदूरच्या गिरण्यांचा विषय निघाला की आपण चिमणी, भोंगा आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या इथवर येऊन थांबतो. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी ही नावंही पाठ असतात. पण आत माल हलायचा कशावर, हे कुणी लिहून ठेवत नाही.

मागच्या महिन्यात परदेशीपुऱ्याकडे एका भंगारवाल्याच्या दारात तशी एक गाडी दिसली. लाकडी पेटी, खाली बिडाची चार चाकं, पण कोपऱ्यांत नव्हेत. दोन मोठी मधोमध एका आसावर, पुढे-मागे एकेक लहान, फिरतं, आणि मोठ्यांपेक्षा किंचित वर. भंगारवाला म्हणाला, "वाकडी झालीये." वाकडी नाही, रचनाच तशी! सगळा भार मधल्या चाकांवर, लहानांपैकी एक कायम अधांतरी. त्यामुळे गाडी जागच्या जागी गर्रकन फिरते. दोन साच्यांमधल्या अरुंद गल्लीत हेच हवं. बॉबिनी भरल्या की साचा थांबवून सगळ्या एकदम उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या. तेवढा वेळ सूत निघणं बंद. तेव्हा गाडी अडकून चालत नसे. पेटी आतून गुळगुळीत, एकही खिळा वर आलेला नाही, कारण सूत अडकलं की तुटलं.

गाठी आणायला दोन चाकांची हातगाडी वेगळी. एक गाठ साधारण १७० किलोची. ताण्याचा बीम नेणारी गाडी बुटकी, बीमची टोकं टेकवायला दोन खाचा असलेली.

माझे वडील बदली कामगार म्हणून लागले ते गाडी ढकलायलाच. ते म्हणत, वजनाचं काही नाही रे, सुताचा त्रास. जमिनीवरचे तुटके धागे आसाला गुंडाळत जातात आणि चाक जाम होतं. मग पाळी संपताना उलटं पडून आकड्याने ते उकरायचे. या गाडीच्या आसावरही करड्या सुताचा थर होता, नमद्यासारखा घट्ट.

मी फोटो काढले, पेटीची रुंदी मोजली. साचे भंगारात गेले तरी त्यांच्यामधली गल्ली निदान केवढी असणार, याचा अंदाज त्या मापावरून येतो. आपल्यापैकी कुणाच्या अंगणात अशी गाडी कुंड्या ठेवायला असेल, तर विकण्याआधी एवढं तरी करा.

आठवड्याने पैसे घेऊन गेलो. पेटी तिथेच होती. चाकं किलोवर गेली होती.