असईची पलटण टेबलावर

शिंद्यांविरुद्धच्या असईच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीच्या ७४व्या हायलँडर पलटणीत सुमारे ५०० माणसे होती. ही पलटण टेबलावर उभी करायची तर ब्रश उचलण्याआधी हिशेब मांडावा लागतो. एक पुतळा म्हणजे खरी वीस माणसे, हे प्रमाण वॉरगेमिंगमध्ये, म्हणजे पुतळ्यांनी टेबलावर लढाई खेळण्याच्या छंदात, अनेक दशके रूढ आहे. त्याप्रमाणे ७४वी म्हणजे २५ शिपाई, प्रत्येक साधारण २८ मिलिमीटर उंच. २३ सप्टेंबर १८०३ रोजी या पलटणीचे सुमारे ४०० लोक मेले किंवा जखमी झाले. खेळ इतिहासाप्रमाणे गेला, तर हौसेने रंगवलेल्या पंचविसातले वीस शिपाई आपल्याच हाताने उचलून बाजूला ठेवावे लागतात. पुस्तकात हा आकडा एका ओळीत वाचून होतो. टेबलावर मात्र तो एकेक करून मोजावा लागतो, आणि या छंदाचे मोल मला तिथेच दिसते.

प्रशियात राइसविट्झने १८२४ साली ‘क्रीगस्पील’ या युद्धखेळाचे नियम छापले, तेव्हा नकाशावर नुसते ठोकळे सरकवले जात. अधिकाऱ्यांच्या शिक्षणाला तेवढे पुरत होते. १८९३ पासून इंग्लंडच्या ब्रिटन्स कंपनीने पोकळ ओतकामाचे शिशाचे शिपाई काढले, आणि त्यांच्याच जोरावर एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे घरात खेळायच्या लढाईचे पुस्तक लिहिले. डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या १९६२ च्या ‘वॉर गेम्स’नंतर छंद पसरला. ठोकळ्याला गणवेश नसतो. पुतळा आला आणि त्याच्याबरोबर कोटाच्या कॉलरचा रंग शोधणेही आले.

रंगकामाला सुरुवात होते ती चाकू आणि कानशीने. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे पुतळ्यावर बारीक रेघ राहते. ती खरवडली नाही, तर पुढे गालावरून व्रणासारखी उमटते. मग साबणाच्या पाण्याने धुणे, वाळवणे आणि प्रायमरचा पातळ थर. पलटण रंगवणारा एकेक शिपाई पुरा करत बसत नाही. आधी सगळ्यांचे कोट, मग सगळ्यांचे पट्टे, मग सगळ्या बंदुका. हे काम कंटाळवाणे असते हे खरे, पण पलटण एकसारखी दिसते ती याच पद्धतीने.

एवढ्या लहान आकृतीवर खोलीतल्या उजेडाची पुरेशी सावली पडत नाही, ती रंगाने पाडावी लागते. तांबड्या कोटाखाली तपकिरीकडे झुकणारा गडद थर द्यायचा, त्याच्या घड्या तशाच ठेवून वर तांबडा, आणि कडांना नारिंगीची छटा. कडा उजळायला पांढरा मिसळला की कोट गुलाबी होतो. छातीवरचे आडवे-तिरपे पट्टे थेट पांढरे करायचे नाहीत. आधी राखाडी, मग मधोमध पांढरी रेघ. ७४व्या पलटणीची कॉलर आणि बाह्यांची टोके पांढरी, तर तिच्या जोडीला लढलेल्या ७८व्या पलटणीची पिवळसर बदामी. हाताच्या अंतरावरून दोन्ही पलटणी ओळखू येतात त्या एवढ्याशा पट्टीवरून. निशाणाची तारीखही पाहावी लागते. १८०१ मध्ये ब्रिटिश निशाणात सेंट पॅट्रिकचा तांबडा तिरपा क्रॉस आला, त्यामुळे टिपूविरुद्धच्या मोहिमांसाठी रंगवलेले निशाण असईला चालत नाही. पायाखालची जमीनही आपलीच हवी. तयार मिळणारी हिरवळीची पूड बहुधा विलायती कुरणासारखी दिसते. जालना जिल्ह्यातल्या या गावाच्या शिवाराला पावसाळ्याअखेरची काळी माती लागते.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला शिंद्यांचे कंपू, म्हणजे कवायती पलटणींचे गट. पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली आठ पलटणी, बेगम समरूच्या पाच, द्युपाँच्या चार. मिळून सुमारे १०,८०० कवायती पायदळ. वीसास एक धरले तरी ५४० पुतळे होतात. द बॉयन या युरोपीय सेनानीने महादजी शिंद्यांसाठी उभ्या केलेल्या या फौजेची कवायत किती पक्की होती, हे त्या दिवशी दिसले. केळणा नदीच्या दोन काठांवर पिंपळगाव आणि वरुड समोरासमोर आहेत, म्हणजे तिथे उतार असणारच, असे ताडून वेलस्ली नदी ओलांडून बगलेवर आला. पोलमनने शत्रूच्या डोळ्यांदेखत आपली रांग काटकोनात फिरवली. डावा हात असईवर, उजवा केळणेवर, पुढे तोफा. हीच हालचाल टेबलावर सतरा पलटणींनी करून पाहावी; एकमेकींत न अडकता ती पार पाडणे किती अवघड आहे हे लगेच कळते. ७४वी कापली गेली ती असई गावाजवळच्या याच तोफा-बंदुकांसमोर. मेल्याचे सोंग घेऊन पडलेले शिंद्यांचे गोलंदाज इंग्रज पुढे गेल्यावर उठले आणि पाठीमागून तोफा डागू लागले. त्यासाठी चांगल्या नियमावलीत वेगळा नियम असावा, असे माझे ठाम मत आहे. लढाई इंग्रजांनी जिंकली, ९८ तोफा घेतल्या, पण त्यांची मेलेली, जखमी आणि बेपत्ता माणसे १,५८४ होती.

या खेळात एक खोट आहे. लढाईत फारशी न उतरलेली तीस-चाळीस हजारांची घोडदळे कुणी रंगवत नाही. दोन हजार घोडे कोण रंगवणार? त्यामुळे टेबलावर शिंदे आणि त्यांच्या जोडीला आलेल्या भोसल्यांची फौज होती त्याहून फार लहान दिसते आणि वेलस्लीच्या समोर उभे ठाकलेले ओझे नजरेत भरत नाही. मागच्या पडद्यावर किंवा टेबलाच्या कडेला का होईना, ही घोडदळे उभी दाखवली पाहिजेत. लढाईआधी कंपनी सरकारने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना फोडले, ही गोष्टही खेळाच्या नियमावलीत सेनापतींचे गुण ठरवताना मोजायला हवी.

आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा, तोफ, वाघ, गवळण सगळे असते. पानिपतावरच्या गारद्याला आणि असईवरच्या कंपूच्या शिपायाला तिथे जागा नाही, कारण मातीच्या चित्रांत त्यांचा साचा कुणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मातीचे मावळे घडवणाऱ्या आपल्या कारागिरांनी हा एक साचा करावा. मुलांनी त्याचा कोट स्वतः रंगवावा, आणि रंगवण्याआधी तो कुठल्या पलटणीचा होता हे विचारावे.